आइल ऑफ मे : पफिनच्या बोटीतून दीपस्तंभाकडे

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील अँस्ट्रथर या जुन्या मासेमारी बंदरातून आइल ऑफ मे या बेटावर नेणाऱ्या बोटींची जाहिरात पाहिली, तर तिच्यावर रंगीत चोचीच्या पफिन पक्ष्याखेरीज फारसे काही दिसत नाही. उन्हाळ्यात मुलांकडे एडिंबराला आलेली आपली मराठी मंडळीही या सफरीवरून परतली की पक्ष्यांचीच छायाचित्रे दाखवतात, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र हे परीक्षण मी वेगळ्या ओढीने लिहीत आहे. स्कॉटलंडमधील पहिला कायमस्वरूपी दीपस्तंभ 1636 साली याच बेटावर उभा राहिला आणि त्यानंतरच्या साडेतीनशे वर्षांत समुद्रावरील दिव्याने जी जी रूपे घेतली, म्हणजे कोळशाची आग, तेलाची वात, भिंगे, वीज, पुन्हा तेल आणि शेवटी माणसावाचून चालणारे यंत्र, त्यांपैकी बहुतेकांच्या खुणा दोन किलोमीटरही लांबी नसलेल्या या बेटावर आजही पायी फिरून पाहता येतात. दीपस्तंभांची आवड असलेल्या माणसाने ही सफर अवश्य करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती करण्यापूर्वी बेटाचा इतिहास वाचून जावे, कारण आम्ही ज्या बोटीने गेलो ती सेवा प्रवासासाठी जितकी चोख होती, तितकीच इतिहास सांगण्याच्या बाबतीत तोकडी होती.

आधी प्रवासाविषयी. अँस्ट्रथरच्या बंदरातले पाणी ओहोटीला पार आटते, त्यामुळे बोट सुटण्याची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते आणि आगाऊ आरक्षण करताना ती नीट पाहून घ्यावी लागते. एडिंबराहून सार्वजनिक वाहनाने येणाऱ्यांनी तर आधी बोटीची वेळ पाहावी आणि मगच बसचा विचार करावा. हवा बिघडली तर फेरी रद्द होते, हेही गृहीत धरावे. आमच्या बोटीवरील कर्मचारी तत्पर होते. वयस्कर प्रवाशांना हात देऊन चढवणे-उतरवणे, मळमळणाऱ्यांना मोकळ्या हवेत मागच्या बाजूला बसवणे, बेटावर किती वाजेपर्यंत परत धक्क्यावर यायचे ते पुन्हा पुन्हा सांगणे, ही सारी कामे त्यांनी न कंटाळता केली. मोठ्या बोटीला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. वेगवान रबरी बोटीही आहेत, परंतु त्यांत अंग भिजते आणि कंबरेला हिसके बसतात, म्हणून आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्या टाळाव्यात.

फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या तोंडाशी हे बेट आडवे पडलेले आहे, आणि बोटीतून पाहताना त्याला एवढे महत्त्व का आले ते नकाशाशिवायही कळते. एडिंबराचे लीथ बंदर आणि खाडीतील इतर बंदरे यांच्याकडे येणारे प्रत्येक जहाज या बेटाच्या एका बाजूने नाहीतर दुसऱ्या बाजूने आत शिरणार, आणि अंधारात किंवा वादळात तेच बेट त्याचा घात करणार. वाऱ्याची दिशा पाहून बोट पूर्वेच्या कर्कहेवनला किंवा पश्चिमेच्या छोट्या धक्क्याला लागते. उतरल्यावर राखीव क्षेत्राचे कर्मचारी काही मिनिटे सूचना देतात. 1956 पासून हे बेट राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे आणि पफिन जमिनीखाली बिळे करून राहतात, त्यामुळे पाऊलवाट सोडून पाय टाकला तर बीळ खचून आतले पिल्लू दगावू शकते. जून-जुलैमध्ये आर्क्टिक टर्न, म्हणजे आपल्याकडच्या सुरय पक्ष्यांचे भाऊबंद, वाटेलगतच घरटी करतात आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात, तेव्हा टोपी हवीच. एवढे झाल्यावर बहुतेक प्रवासी कड्यांकडे वळतात. दीपस्तंभांसाठी आलेल्याने मात्र सरळ बेटाच्या माथ्यावर चढावे.

माथ्यावर दोन इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक किल्ल्यासारखी, मोठी आणि देखणी. दुसरी बसकी, पांढरी, चौकोनी आणि चटकन नजरेत न भरणारी. आमच्यासोबतच्या कित्येकांनी ही दुसरी इमारत कोठीची खोली समजून मागे टाकली. तीच 1636 ची आहे. आज जो भाग शिल्लक आहे तो मूळ बुरुजाचा केवळ खालचा हिस्सा. मूळ बुरूज चाळीस फूट उंच होता आणि त्याच्या सपाट माथ्यावर एक मोठी लोखंडी शेगडी होती. तिच्यात रात्रभर दगडी कोळसा जळत असे. काच नाही, छप्पर नाही. उघड्या आकाशाखाली, उत्तर समुद्राच्या वाऱ्यात धगधगणारी आग, एवढाच तो दिवा.

या आगीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न तिच्याइतकाच जुना आहे. राजा पहिल्या चार्ल्सने जेम्स मॅक्सवेल आणि बार्न्सचे कनिंगहॅम यांना हा दिवा बांधून चालवण्याची सनद दिली आणि त्या बदल्यात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून टनामागे कर घेण्याचा हक्क दिला. परक्या जहाजांना कर दुप्पट होता आणि इंग्लंडची जहाजेही परकीच धरली जात, याचा इंग्लिश खलाशांना आणि व्यापाऱ्यांना मोठा राग होता. म्हणजे हा दीपस्तंभ सरकारी नव्हता, तर खाजगी मालकीचा, नफ्यासाठी चालवलेला व्यवसाय होता आणि मालकी वारसाने, विक्रीने, अगदी लग्नसंबंधानेही एका घराण्यातून दुसऱ्यात जात राहिली. बुरूज बांधणारा स्थपती बेटावरून परतताना वादळात बुडाला आणि ते वादळ चेटूक करून उठवल्याच्या आरोपावरून किनाऱ्यावरील एका बाईचा बळी घेतला गेला, अशी कथा या भागात सांगितली जाते. चेटकिणींच्या नावाखाली स्कॉटलंडमध्ये त्या शतकात जे घडले ते पाहता, अशी कथा या बुरुजाला चिकटावी याचे नवल वाटत नाही.

शेगडीचा हिशेब ऐकला की त्या बसक्या बुरुजाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे वर्षाला सुमारे 400 टन कोळसा लागत असे आणि वाऱ्याच्या एका रात्रीत तीन टनांपर्यंत कोळसा जळून जाई. तो सगळा बोटीने आणायचा, धक्क्यावरून चढावर न्यायचा आणि कप्पीने पेटीतून वर ओढायचा. वर रखवालदाराने रात्रभर तो ढोसत राहायचे. जोराचा वारा असला की एका अंगाने शेगडीचे गज तापून लाल होत आणि वाऱ्याकडची बाजू काळी राही, म्हणजे ज्या दिशेच्या जहाजाला दिव्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो अंधुक दिसे. उघड्या आगीचा हा मूळ दोष कितीही कोळसा टाकून दूर होण्यासारखा नव्हता.

आणि राख. बुरुजाच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे टाकलेल्या राखेचा ढीग खिडकीपर्यंत चढला होता. जानेवारी 1791 मध्ये त्या ढिगात पडलेल्या निखाऱ्यांनी तो आतून धुमसू लागला आणि विषारी वायू बुरुजातील खोलीत शिरला. रखवालदार जॉर्ज अँडरसन, त्याची पत्नी आणि त्यांची पाच मुले झोपेतच गुदमरून गेली. दिवा दिसेना म्हणून किनाऱ्यावरून माणसे आली, तेव्हा ल्यूसी नावाची तान्ही मुलगी तेवढी आईजवळ जिवंत सापडली. जहाजांना वाचवण्यासाठी पेटवलेल्या आगीच्या राखेने ती आग राखणाऱ्या कुटुंबाचा जीव घ्यावा, हे त्या खोलीच्या दारात उभे राहून आठवले की पाय पुढे उचलत नाही.

माझी तक्रार आहे ती नेमकी येथे. आमच्या बोटीवर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगितली जात होती. पक्ष्यांची नावे, त्यांची संख्या, सील कोणत्या खडकांवर पहुडतात, या सगळ्याची माहिती नेटकी आणि उत्साहाने दिली गेली. दीपस्तंभाच्या वाट्याला मात्र दोन-तीन वाक्ये आली, तीही परतीच्या फेरीत, वाऱ्याने अर्धी गिळून टाकलेली. अँडरसन कुटुंबाचा उल्लेखही झाला नाही. कोळशाच्या बुरुजाकडे बोट करून 'हा पाहा स्कॉटलंडचा पहिला दीपस्तंभ' एवढे जरी उतरण्यापूर्वी सांगितले असते, तरी त्याला कोठी समजून पुढे गेलेली माणसे थांबली असती. जाताना सांगितलेली माहिती कामी येते. येताना सांगितलेलीने फक्त हळहळ वाटते. प्रवाशांच्या हाती एक साधे दुमडपत्रक देणेही या सेवेला सहज शक्य आहे.

आता शेजारची किल्ल्यासारखी इमारत. तिचे मूळ 1810 सालच्या डिसेंबरमधील एका रात्रीत आहे. ब्रिटिश नौदलाच्या निम्फ आणि पॅलस या दोन युद्धनौका त्या रात्री डन्बारजवळच्या किनाऱ्यावर आपटून फुटल्या, कारण किनाऱ्यावरील चुनाभट्टीचा जाळ पाहून खलाशांचा तो मे बेटाचाच दिवा असल्याचा समज झाला. कोळशाची उघडी आग आणि भट्टीची आग यांत दुरून फरक तो काय दिसणार! दिवा नुसता असून भागत नाही, तो दुसऱ्या कशाशीही गफलत होणार नाही असा असावा लागतो, हे या अपघाताने महाग किंमत घेऊन शिकवले. 1786 मध्ये स्थापन झालेल्या नॉर्दर्न लाइटहाउस बोर्डाने 1814 साली पोर्टलंडच्या ड्यूककडून हे बेट आणि कराचा हक्क साठ हजार पौंडांना विकत घेतला. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती, परंतु स्कॉटलंडमधील उरलेला शेवटचा खाजगी दीपस्तंभ त्यामुळे सार्वजनिक झाला.

बोर्डाचे अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बेल रॉकचा दीपस्तंभ नुकताच पुरा केला होता. भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या खडकावर बांधलेली ती इमारत आवश्यकतेपलीकडे एक दगड न वापरता उभी आहे. येथे मात्र त्यांनी कंगोरे, कमानी, बुरूज असलेला चोवीस मीटर उंचीचा एक गढीवजा मनोरा बांधला आणि खाली अधिकाऱ्यांच्या मुक्कामासाठी ऐसपैस खोल्या ठेवल्या. मला व्यक्तिशः बेल रॉकचा साधेपणा अधिक भावतो, पण माथ्यावर उभे राहून या मनोऱ्याकडे पाहताना तो राजधानीच्या खाडीचा दरवाजा म्हणून मुद्दाम भारदस्त बांधला असावा असे वाटते. 1 सप्टेंबर 1816 रोजी त्यात तेलाचे दिवे आणि चांदीचा मुलामा दिलेले परावर्तक प्रथमच उजळले, आणि 180 वर्षांची कोळशाची आग विझली.

जुना बुरूज मग पाडूनच टाकायचा होता. 1814 मध्ये बोर्डाच्या पाहणीदौऱ्यात स्टीव्हन्सन यांच्याबरोबर आलेल्या वॉल्टर स्कॉट यांनी तो पूर्ण न पाडता, उंची कमी करून एखाद्या रमणीय भग्नावशेषासारखा राखावा अशी सूचना केली, म्हणून तो उरला. नव्या दिव्याच्या आड येऊ नये इतका तो उतरवला गेला. वारसा जपणे हा शब्दप्रयोगही रूढ नसलेल्या काळात एका साहित्यिकाच्या एका शब्दाखातर स्कॉटलंडचा पहिला दीपस्तंभ वाचला, याबद्दल मला त्यांचे ऋण वाटते.

मनोरा आम्ही गेलो तेव्हा आतून बंद होता, त्यामुळे 1836 मध्ये येथे परावर्तकांच्या जागी भिंगे कशी आली ते प्रत्यक्ष पाहता आले नाही. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेल्या पद्धतीत काचेच्या कड्या आणि लोलक अशा रीतीने बसवतात, की एका ज्योतीचा सगळीकडे विखुरणारा प्रकाश वाकून एका आडव्या पट्ट्यात समुद्राकडे जातो. आग मोठी करण्याऐवजी प्रकाश वाया जाऊ न देणे, हा विचारच शेगडीच्या काळाहून पूर्णपणे वेगळा होता.

मनोऱ्यापासून खाली बेटाच्या ईशान्येकडे गेले की लो लाइट लागतो. 1844 मध्ये बांधलेला हा दुसरा, ठेंगणा दीपस्तंभ. फाइफच्या टोकाजवळ नॉर्थ कार नावाचा घातक खडक आहे. वरचा आणि खालचा असे दोन्ही दिवे जहाजातून एका ओळीत दिसू लागले की खडकापासून दूर राहण्याची दिशा कळावी, अशी ही सोपी आणि हुशार योजना होती. 1887 मध्ये त्या खडकाजवळ दीपनौका नांगरण्यात आली आणि लो लाइटची गरज संपली. आज त्यात पक्षिनिरीक्षकांचा मुक्काम असतो. येथील पक्षिनिरीक्षण केंद्र 1934 पासूनचे आहे.

तेथून खालच्या घळीत उतरल्यावर इंजिनघर आहे, आणि संपूर्ण बेटावर मला सर्वांत अधिक खिळवून ठेवणारी जागा हीच. 1 डिसेंबर 1886 रोजी येथे स्कॉटलंडमधील पहिला विजेवर चालणारा दीपस्तंभ सुरू झाला. आजच्यासारखा काचेचा बल्ब नव्हे, तर कार्बनच्या दोन कांड्यांमधील फटीत ठिणगीची कमान पेटवणारा दिवा होता तो. त्यासाठी वाफेची इंजिने आणि प्रचंड जनित्रे घळीत बसवली गेली, वीज तांब्याच्या जाड वाहकांतून माथ्यावर नेली गेली, आणि वाफेसाठी पुन्हा कोळसाच बोटीने आणावा लागला. सत्तर वर्षांपूर्वी ज्या कोळशापासून सुटका झाली होती, तोच इंजिनघराच्या दाराने परत आला. या दिव्याची प्रखरता जगात गाजली, पण खर्च परवडेना, आणि दरम्यान खनिज तेलाचे दिवेही फार सुधारले. 1924 मध्ये बोर्डाने वीज बंद केली आणि मे बेट पुन्हा तेलावर गेले. तंत्रज्ञान नेहमी पुढेच जाते असे मानणाऱ्यांनी या घळीत पाच मिनिटे जरूर थांबावे. बोटीवर याविषयी चकार शब्द निघाला नाही.

मराठी वाचकाला हे सारे पाहताना खांदेरीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. थळच्या समोर असलेल्या त्या बेटावरील दीपस्तंभ 1867 सालचा, आणि तोही एका जुन्या इतिहासाच्या अंगावर उभा राहिलेला. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या विरोधाला न जुमानता तेथे किल्ला उभारला, तेव्हा मे बेटावरील शेगडी त्रेचाळीस वर्षे जळत होती. दोन्ही बेटे मोठ्या बंदराच्या वाटेवर आहेत. फरक असा, की खांदेरीवर आपले लक्ष किल्ल्याकडे जाते आणि दीपस्तंभ उपरा वाटतो, तर मेवर पक्ष्यांकडे जाते आणि दीपस्तंभ पार्श्वभूमी होऊन राहतो. खांदेरीचा समावेश 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत झाला आहे, तेव्हा तेथील नौकासेवा वाढेल, तशी दीपस्तंभाचीही गोष्ट सांगण्याची सोय व्हावी. दिव्याचा खर्च जहाजांनीच उचलायचा, ही चार्ल्स राजाच्या सनदेतील रीतही दोन्हीकडे टिकून आहे. नॉर्दर्न लाइटहाउस बोर्ड आजही जहाजांच्या दीपशुल्कावर चालते आणि भारतात 1927 च्या दीपगृह कायद्याने लागू केलेले शुल्क 2021 च्या नव्या कायद्यातही कायम आहे.

मे बेटावर रखवालदारांची कुटुंबे 1972 पर्यंत राहत होती. नंतर बायका-मुले मुख्य भूमीवर गेली आणि पुरुष पाळीपाळीने येऊ लागले. 31 मार्च 1989 रोजी शेवटचे रखवालदारही उतरले. आता दर पंधरा सेकंदांना दोन पांढऱ्या लखलखाटांचा हा दिवा आपोआप लागतो आणि त्यावर एडिंबरामधील बोर्डाच्या कार्यालयातून देखरेख होते. रखवालदारांची घरे, भिंतींनी वेढलेले त्यांचे भाजीचे वाफे आणि धुक्यातील भोंग्याच्या इमारती वाटेवर भेटत राहतात. त्यांपैकी भोंग्याच्या इमारतीसाठी दक्षिण टोकापर्यंत चालण्याचे श्रम घ्यावेत.

सोयींविषयी थोडक्यात. बेटावर स्वच्छतागृह आणि छोटे माहितीकेंद्र आहे. खाण्यापिण्याचे दुकान नाही, म्हणून डबा आणि पाणी बरोबर न्यावे. वाटा बहुतेक गवताच्या आणि चांगल्या राखलेल्या आहेत, पण माथ्याचा चढ आणि धक्क्यावरच्या पायऱ्या गुडघेदुखी असलेल्यांना जाचतील. आम्हाला बेटावर दोन-अडीच तास मिळाले. पक्षी आणि चारही इमारती एवढ्या वेळात नीट पाहून होत नाहीत, आधी काय पाहायचे ते ठरवूनच उतरावे. मी सुचवेन तो क्रम असा: माथ्यावरचा जुना बुरूज, त्याच्या शेजारचा मनोरा, घळीतले इंजिनघर, मग लो लाइट, आणि वेळ उरला तर कडे.

बोटी साधारण एप्रिल ते सप्टेंबर चालतात, त्यानंतर राखाडी सीलच्या विणीमुळे बेट पर्यटकांना बंद असते. पफिन ऑगस्टच्या मध्यापर्यंत समुद्रावर निघून जातात आणि त्यांच्यापाठोपाठ गर्दीही ओसरते. टर्नही तोवर गेलेले असतात, त्यामुळे लो लाइटच्या वाटेवर डोके सांभाळावे लागत नाही आणि बोटीवरही निवांत जागा मिळते. ज्यांना पक्ष्यांपेक्षा दिव्यांची ओढ अधिक आहे, त्यांनी जून-जुलैच्या तिकिटांसाठी धावपळ न करता सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातील, भरती दुपारी असलेला एखादा दिवस निवडावा.